काळ्या घोडीची जुनी नाल

“…मग आता शिकायचं राहिलंय तरी काय, वस्ताद?”

हाशम वस्ताद चिंचेखाली बसून कानशीला तेल लावत राहिले.

तुळाजी अकरा वर्षं त्यांच्याकडे नालबंदी शिकत होता. हात देखणा होता त्याचा, खोटं कशाला बोला. पण देखण्या हाताला कुणीतरी सारखं देखणा म्हणावं लागतं. त्याचा डोळा होता वस्तादांच्या कमरेच्या सुरीवर. वाकड्या पात्याची, खूर तासायची. ती मिळाली की तो स्वतंत्र नालबंद.

“अनसूयाची घोडी येतेय,” वस्ताद म्हणाले. “चारी पाय तू एकट्यानं कर.”

“आणि सुरी?”

“पाय तर कर.”

अनसूया टांगा हाकायची, स्टेशनापासून देवीच्या डोंगरापर्यंत. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, टांगा विक. तिनं लगाम हातात घेतला. घोडी काळीभोर, नाव कोकिळा.

“चाचा, पाचच्या गाडीला उभं राहायचंय मला,” ती आल्या आल्या म्हणाली. “आणि या तुळाजीला सांगा, नटवत बसू नको. नीट कर.”

वस्ताद पाठ फिरवून बसले.

तुळाजीने एकेक पाय मांडीवर घेतला, जुनी नाल उपटली. अडकलेला चिखल आणि खडे काढले. तळाचा मऊ त्रिकोण दाबून पाहिला, कुजकं तेवढंच खरवडलं. कडा तासल्या. खूर असे सपाट केले की वर पाण्याची वाटी ठेवावी. चार नाल ठोकल्या, चारही एकसारख्या. वरून जवसाच्या तेलाचा हात.

भोवती माणसं जमली होती. ती खुरांसाठी नव्हे. काळ्या घोडीची झिजलेली नाल, त्यात शनिवारी निघालेली. उंबरठ्याला ठोकली की साडेसाती टळते म्हणतात. म्हणोत बापडे. एकेक जण वाकून तुळाजीच्या पायांना हात लावी आणि तुळाजी त्याच्या ओंजळीत एक नाल टाकी. नालेकडे न बघता. मान ताठ ठेवून.

“बघा, वस्ताद.”

“चालव तिला.”

अनसूयाने घोडीच्या तोंडाजवळ मोरखा धरला. घोडी निघाली. दहा पावलं गेली…

टक्.

पुन्हा, टक्.

“कसला आवाज?” वस्ताद पाठमोरेच होते.

उजव्या पुढच्या पायाची नवी नाल डाव्या घोट्याला लागत होती. काळ्या केसांत रक्ताचा ठिपका.

“वाटेत दगड असेल,” तुळाजी म्हणाला.

“दगड तुझ्या डोक्यात!” अनसूया कडाडली. “तीन वर्षं डोंगर चढतेय ही. कधी पायाला पाय लागला नाही. घोटा फुटला तर टांग्याला कुणाला जुंपू, तुला?”

“जुनी नाल आण,” वस्ताद म्हणाले.

“…वाटल्या.”

“उजव्या पायाची?”

“डाळवाल्या नेमाशेठना दिली.”

वस्तादांनी पुन्हा कानस मांडीवर घेतली.

तुळाजी बाजारात गेला. घटकेपूर्वी नेमाशेठ त्याच्या पायांशी वाकले होते. आता ते हातोडी घेऊन दुकानाच्या दारात उभे होते, नाल उंबरठ्याला ठोकूनही झाली होती.

“दिलेलं परत मागतोस? लाज नाही?”

तुळाजी भर बाजारात शेठच्या पायांशी बसला आणि एकेक खिळा उपसू लागला.

तो परतला तेव्हा मागून शेठही आले, तोंडाचा पट्टा चालवत.

“काय म्हणते नाल?” वस्तादांनी विचारलं.

तुळाजीने ती उलटी केली. सुलटी केली. पहिल्यांदाच पाहत होता. बाहेरची बाजू रुंद, टोकाला झिजलेली. आतली बाजू मुद्दाम बारीक घडवलेली, खुराच्या कडेहून जरा आत घेतलेली.

“उजवा पाय आत टाकते ही,” तो हळू म्हणाला. “लागू नये म्हणून तुम्ही आतली बाजू बारीक केली होती… मी चारही सारख्या केल्या.”

“अकरा वर्षांनी दिसलं होय रे बाबा!” अनसूया म्हणाली. पण ती घोट्याला हळद लावत होती, आणि आवाज निवला होता.

तुळाजीने नवी नाल उपटली. भट्टीत तापवली, आतली बाजू ठोकून बारीक केली, जुनीवर ठेवून पाहिली. पुन्हा ठोकली. मग पाय मांडीवर घेतला.

घोडी चालली. दहा पावलं. वीस. चिंचेवरचा कावळा तेवढा बोलला.

“झालं ना?” शेठ पुढे झाले. “आण माझी नाल.”

तुळाजीने हात मागे घेतला. “नाही मिळायची. दोन महिन्यांनी नवी झिजून परत येईल. तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून बघायच्यात.”

“आणि माझा उंबरठा?”

वस्ताद उठले. कमरेची सुरी काढून त्यांनी शेठपुढे धरली.

“लोखंडच हवंय ना? ही न्या. काळ्या घोड्यांचे खूर हिनं जितके पाहिलेत, तितके शनीनंही पाहिले नसतील.”

शेठनी सुरी घेतली, मग तुळाजीकडे पाहिलं. “तुला हीच हवी होती ना रे? दे ती नाल, घे ही. मला दोन्ही सारखंच.”

तुळाजीने सुरीकडे पाहिलं. अंगठ्याच्या जागी मूठ झिजून खोलगट झाली होती. वस्तादांच्या अंगठ्याएवढी.

“…न्या, शेठ.”

शेठ गेले. अनसूयाने टांगा जोडला. “पाचची गाडी मिळतेय अजून,” एवढंच म्हणून तीही गेली. घोडीच्या टापा लांबपर्यंत ऐकू येत राहिल्या, एकसारख्या.

तुळाजी रिकाम्या जागेत उभा होता, नाल मुठीत धरून.

वस्ताद त्याच्यासमोर बसले. घोड्याचा पाय घ्यावा तसा त्याचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला, उताणा केला, तळव्यावरून बोट फिरवलं.

“उद्या तुझी सुरी घडवायचीय. बघू, हात कुठं झिजलाय.”