भिवरेची काळी रेघ

फार वर्षांपूर्वी, झाडीपट्टीतल्या दाट रानाच्या कडेला लोहटोला नावाची बारा घरांची वस्ती होती. तिथं कवडू लोहार राहायचा, त्याची बायको सायत्रा राहायची, झिंगरू नावाचा त्यांचा लेक होता आणि भिवरा नावाची सून होती. तेव्हा तयार लोखंड बाजारात मिळत नव्हतं. डोंगर खणून लोखंडाचा गोटा आणायचा, तो कोळशाबरोबर मातीच्या उंच भट्टीत घालायचा आणि दोघांनी भाता दाबत राहायचं. दिवस कलला की भट्टीच्या पोटात लोखंडाचा गोळा धरायचा. आसपासच्या सगळ्या नांगरांचे फाळ कवडूच्या हातचे. असं म्हणतात, की नुसत्या धुराच्या वासावरून तो सांगायचा, आत लोखंड धरलं की नाही.

पण एका वर्षी वस्तीची जुनी खाण आटली. खणावं तर हलका लाल गोटा निघायचा, आणि भट्टीतून लोखंडाच्या जागी नुसतं कीट वाहायचं. कीट म्हणजे लोखंडाचा मळ, काळा, काचेसारखा, कुणाच्या काही कामाचा नाही. बाराही घरं बसली आणि ठरलं, की दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे वस्तीची जत्रा, होऊ द्यायची आणि गाड्या जुंपायच्या. ज्याचे सोयरे जिथं असतील तिथं त्यानं जायचं.

हे ऐकलं आणि भिवरेला माहेर आठवलं. तेही लोहारांचं होतं, आणि असंच उठलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती गेली, तर चुली जागच्या जागी होत्या आणि माणसं नव्हती. आई कुठल्या गावाला गेली, एवढं सांगायलाही कुणी उरलं नव्हतं. बाकीचे सगळे सामानाचं बोलत होते. गाव उठतं म्हणजे काय होतं, ते वस्तीत तिला एकटीला ठाऊक होतं.

एक दिवस भिवरा नाल्यावर तांदूळ रोळायला बसली. लाकडाच्या काठवटीत तांदूळ आणि पाणी घेऊन ती गोल गोल हलवली, की तांदूळ पाण्याबरोबर अलगद रोवळीत उतरतात आणि जड खडे तळाशी राहतात. त्या दिवशी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पाणी घेताना नाल्यातली ओंजळभर वाळूही आत आली. तांदूळ काढून झाले, तरी तिचा हात आपला फिरतच राहिला. पांढरी वाळू काठावरून निघून गेली आणि तळाशी एक काळी रेघ राहिली, मुंगळ्यांच्या रांगेएवढी. भिवरेनं ती बोटावर घेतली. एवढीशी, पण केवढी जड!

ती तशीच भट्टीपाशी आली. कवडू थंड भट्टीला टेकून बसला होता.

"मामाजी, हे पाहा जी."

कवडूनं ती रेघ चिमटीत चोळली, हुंगली आणि जिभेवर ठेवली.

"अवो, आता माती खाऊन राह्यले का तुमी?" सायत्रा अंगणातून ओरडली.

"माती नाही हे. लोखंडाचं बी हाये," कवडू म्हणाला. मग त्यानं मान हलवली. "पण एवढ्यानं भट्टीचा दातही भरत नाही, बाई."

"बी हाये, तं त्याचं झाड कुठंतरी असनच ना जी?"

कवडू हसला. कितीतरी महिन्यांत तो हसला नव्हता. "शोध बाई तुह्यं झाड," तो म्हणाला.

तो थट्टेनं म्हणाला, पण भिवरेनं ते खरं धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती काठवट घेऊन नाल्यानं वर निघाली. प्रत्येक वळणावर पाच ओंजळी वाळू घ्यायची, काठवटीला एकवीस फेरे द्यायचे, एक कमी नाही की एक जास्त नाही, आणि तळाशी राहील ती रेघ पळसाच्या पानावर ठेवून पान बांधायचं. पानं वाहायला झिंगरू मागे मागे.

"लोकांच्या बायका रानात सरपण येचतात. माही वाळू येचते," तो म्हणायचा. पण एकही पान त्यानं खाली पडू दिलं नाही.

नाला पुढं फुटला होता. भिवरेनं दोन्ही फाटे रोळून पाहिले. उजव्या फाट्यात काही नव्हतं. डाव्यात रेघ जाड झाली. ती डावीकडं वळली. पाचव्या दिवशी रेघ बोटाएवढी झाली, आणि सहाव्या दिवशी काठवटीच्या तळाशी पांढऱ्या लाकडाशिवाय काही दिसेना. तिनं पुन्हा रोळलं, आणि पुन्हा. रेघ नव्हतीच.

"आटपलं तुह्यं झाड. चाल घरी," झिंगरू म्हणाला.

भिवरेनं सगळी पानं दगडावर ओळीनं उघडून ठेवली आणि बराच वेळ बघत बसली.

"घरी नाही, मागं चाला," ती म्हणाली. "कालच्या वळणावर होतं, आजच्यावर नाही. आपण त्याले ओलांडून आलो."

त्या दोन वळणांच्या मध्ये डाव्या हाताला डोंगराचा उतार होता. तिथं पाणी नव्हतं. झिंगरूनं घड्यानं पाणी वर नेलं आणि भिवरा उताराची माती रोळत रोळत चढली. जिथं रेघ सगळ्यात जाड आली, तिथं झुडपं बाजूला सारली, तर जमिनीतून काळा खडक डोकं काढून बसलेला. तिनं त्यावर गोटा मारला. असं म्हणतात, की अख्खा डोंगर आतून घंटेसारखा वाजला, आणि बारा गावांच्या बैलांनी चरता चरता माना वर केल्या.

वस्ती धावत आली. खडक काळा होता खरा, पण भाकरीला पदर सुटावेत तसा, एक पदर काळा आणि एक पदर पांढरा. कवडूला कुठला धीर! खणला तसाच त्यानं तो भट्टीत भरला. कोळसा दोनदाच भट्टी लावता येईल एवढा उरला होता, त्यातला अर्धा त्या दिवशी जळला. आणि दिवसभर भाता दाबून बाहेर आलं ते कीटच.

"माहा हातच गेला," कवडू म्हणाला आणि खाली बसला. मंडई दोन दिवसांवर होती. माणसं गाड्या बांधायला लागली.

भट्टीच्या चौथऱ्यावर बायकांनी पाय ठेवायची रीत नव्हती. भिवरा खालीच उभी राहिली आणि तिथूनच बोलली.

"मामाजी, भातात एक खडा आला तं तुमी ताट सारता. मंग भट्टीलेच काऊन खड्यांसकट वाढता जी?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. सासऱ्याला कुणी सून असं बोलत नव्हती. कवडू बायकोकडं वळला.

"तुहं उखळ दे तिले."

"माहं उखळ? गोटे कुटाले?" सायत्रा कडाडली. "काठवट तं आधीच चिखलात घातली हिनं. उद्या म्हणन, आत्याबाई, तुमची चूल द्या!"

असं म्हणाली आणि मुसळ तिनंच हातात घेतलं. "सर तिकडं. तुह्या हातानं होईस्तोवर पुढली दिवाळी यीन."

मग बाराही घरांची उखळं बाहेर आली. खडक फुटला, कुटला गेला, चाळला गेला आणि नाल्यावर बायकांच्या काठवटी फिरायला लागल्या. पांढरं वाहून जायचं, काळं तळाशी राहायचं. असं म्हणतात, की ते दोन दिवस नाला दुधासारखा पांढरा वाहत होता, आणि खालच्या गावांतल्या बाया चरव्या घेऊन काठावर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मंडईच्या दिवशी वस्तीतलं कुणी मंडईला गेलं नाही. कवडूनं उरलेला कोळसा भट्टीत रचला, विस्तव घातला आणि हाक मारली, "भिवरे, पहिली ओंजळ तुही."

"चौथऱ्यावर, मामाजी?"

"मंग खालून फेकतेस का? चढ वर."

भिवरा चढली. तिनं काळी ओंजळ भट्टीत सोडली आणि झिंगरूनं भात्यावर पाय दिला. सकाळ गेली, दुपार गेली. कवडू धूर हुंगत होता. उन्हं कलली, तेव्हा त्यानं एकदा लांब श्वास घेतला आणि डोळे पुसले. पोरं म्हणाली, डोळ्यांत धूर गेला. सायत्रा म्हणाली, धूर नव्हे. भट्टीचं तोंड फोडलं, तर आत लालबुंद गोळा बसला होता. असं म्हणतात, की तो ओढून काढायला गाड्यांना बांधलेले सहा बैल सोडावे लागले. वस्ती सोडायला त्या बैलांना पुन्हा कुणी जुंपलं नाही.

पुढं लांबलांबची माणसं गाठोड्यात आपल्या डोंगराची माती बांधून भिवरेकडं यायची. ती एकवीस फेरे द्यायची आणि सांगायची, आहे, किंवा नाही. ती म्हातारी झाली, डोळे गेले, तरी हात फिरायचा आणि बोटाला रेघ लागायची. असं म्हणतात, की ती गेली त्या दिवशी नाल्याचं पाणी प्रत्येक वळणावर एकवीस वेळा गोल फिरलं आणि मग पुढं गेलं.

आता भट्ट्या राहिल्या नाहीत. वस्तीचं मोठं गाव झालं. पण मंडईच्या सकाळी गावातल्या बाया अजून काठवटी घेऊन नाल्यावर जातात, भिवरेचं नाव घेऊन एकवीस फेरे देतात आणि तळाशी राहिलेली काळी रेघ पळसाच्या पानात घरी आणतात. त्या वर्षी गावात जी लेकरं जन्मली असतील, त्यांना काजळाची तीट लावत नाहीत. त्या रेघेची लावतात.

ही रीत सायत्रेनं घातली. भिवरेच्या लग्नाला आठ वर्षं होऊन गेली होती आणि त्या घरात पाळणा हलला नव्हता. लोखंड धरलं त्याच्या पुढच्या मंडईला सायत्रा पहाटेच उठली, आपली काठवट काढली, एकटीच नाल्यावर गेली आणि ओंजळभर वाळू रोळून काळी रेघ पळसाच्या पानात घेऊन आली. घरात झिंगरूनं घडवलेल्या नव्या कड्यांना पाळणा टांगला होता. आत अकरा दिवसांची नात झोपली होती. सायत्रेनं बोट पानात बुडवलं, तिच्या गालावर ती जड काळी तीट टेकवली, आणि मग बाराही घरांना जेवायला बोलावलं.