राजाचे कापड आणि व्यालेली कुत्री

पूर्वी नदीकाठच्या कुसुंभपुरात राजा भद्रसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व रंगाऱ्यांच्या कुळात जन्मला होता आणि रंगाच्या घाटाचा मुख्य झाला होता. ओला रंग ओघळू नये म्हणून तेथे दोघे जण कापडाची दोन टोके धरून वाऱ्यावर धावत. राजाचे कापड भुईला लागू द्यायचे नाही, अशी रीत होती. ज्याच्या हातून ते सुटेल त्याला घाटावरून हाकलून देत.

त्या वर्षी भट्टीच्या लाकडांमागे एक कुत्री व्याली. धावणाऱ्यांच्या मागे ती लागे. त्याआधीच एक कामगार कुत्रे चावून, पाण्याला भीत भीत मेला होता. म्हणून बोधिसत्त्व रोज कामगारांना आणि त्यांच्या मुलांना जवळ बसवून सांगे, "पिलांकडे फिरकू नका. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, ओरडू नका, त्याच्या डोळ्यांत बघू नका. हात अंगाशी धरून झाडासारखे उभे राहा. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याने खूप वेळ धुवा आणि लगेच वैद्याकडे जा."

कालक नावाचा कामगार म्हणाला, "दादा, आपण झाड झालो आणि त्यानं तंगडी वर केली तर?"

सगळे हसले. बोधिसत्त्वही हसला. "मग आंघोळ कर. जखम धुण्यापेक्षा बरं."

उत्सवाच्या आदल्या दिवशी राजाचे तांबडे कापड वाळवायचे होते. एक टोक कालकाने धरले, दुसरे त्याच्या सात वर्षांच्या मुलीने, इंदुलेने. ती धावू लागली तोच एक पिलू तिच्या पायांत आले आणि लाकडांमागून कुत्री बाहेर पडली.

इंदुला जागच्या जागी थांबली. तिने नजर खाली केली. पण हातातले कापड वाऱ्याने फडफडत होते आणि दर फडफडीला कुत्री गुरगुरत एक पाऊल पुढे येत होती.

"सोडू नको गं, राजाचं आहे," कालक म्हणाला आणि एका हाताने काठी चाचपू लागला.

तेव्हा बोधिसत्त्वाला आपली चूक कळली. हात अंगाशी धरा, असे त्याने शिकवले होते. पण घाटावर कुणाचेच हात रिकामे नसतात, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते.

तो हलक्या आवाजात म्हणाला, "कालका, काठी राहू दे. इंदुला, कापड सोड."

"बाबांना हाकलतील."

"सोडायला मी सांगितलंय. हाकलतील ते मला. सोड, बाळ."

तिची बोटे उघडली. कापड चिखलात पडले. कुत्री आणखी जवळ आली, तिने कापड हुंगले, मग मुलीची बोटे हुंगली. मुलगी हलली नाही. कुत्रीने पिलाला मानेला धरून उचलले आणि ती लाकडांमागे गेली.

"आता पाठ न फिरवता हळू मागे ये," बोधिसत्त्व म्हणाला.

संध्याकाळी राजाच्या अधिकाऱ्याने त्याचे मुख्यपद काढून घेतले आणि त्याला घाटाबाहेर घालवले. जाण्यापूर्वी त्याने मुलांना पुन्हा जवळ बसवले आणि शिकवणीत एक वाक्य वाढवले: हातात काही असेल तर आधी ते सोडा, मग ते कुणाचेही असो.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाचा कालक म्हणजे भिक्षेला जाताना कुत्र्यांवर काठी उगारणारा हा धनुक. इंदुला म्हणजे भिक्षुणी मंदारा. तो रंगारी मीच होतो. मी तेथे त्याग केला खरा, पण त्या दिवशीची मोठी पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेला सद्गुण, त्या मुलीची. भय अंगात असताना अंग स्थिर ठेवणे, हिला क्षांती म्हणतात."