पेशीचं तूप, चोराचा कोट

रेवूच्या घशात राहायची एक पेशी. मोहरीहून लहान. पण राग? राग हा एवढा मोठ्ठा!

पेशीनं जपून ठेवला होता तुपाचा गोळा. एक दिवस घरात शिरला विषाणू चोर. सुळकन! गोळा घेतला. वर दटावतो कसा, "ए, कढव! आणखी तूप कढव!" पेशीनं रडत रडत कढवलं. मेल्यानं त्या तुपाचा कोट केला, नि बसला मिरवत. लाज म्हणून नाही!

"माझं तूप दे!"

"देत नाही, जा!"

पेशीचं डोकं फिरलं. निघाली तरातरा. दाण दाण दाण!

वाटेत भेटला रक्तातला पांढरा शिपाई.

"शिपाईदादा, चोराला धर!

चोर तूप देईना!"

शिपायानं डोकावून पाहिलं. "अगं, हा तर आपलाच! अंगावर आपलंच तूप. कोट वितळला, तर धरीन."

आपलाच म्हणे! डोळे आहेत की बटणं?

दाण दाण दाण! पेशी गेली तापाकडे.

"तापोबा, अंगात चढा, कोट वितळवा!

शिपाई चोर धरेना,
चोर तूप देईना!"

"रेवू निजली, तर चढीन."

दाण दाण दाण! पेशी गेली रेवूच्या कानात. रेवू भातुकली खेळत होती.

"रेवूताई, डोळे मीट!

ताप अंगात चढेना,
शिपाई चोर धरेना,
चोर तूप देईना!"

"आई थोपटेल, तर मिटीन."

दाण दाण दाण! पेशी आली रेवूच्या ओठावर. समोर आई भाकऱ्या थापत होती.

"आई, आई, रेवूला थोपट!

रेवू डोळे मिटेना,
ताप अंगात चढेना,
शिपाई चोर धरेना,
चोर तूप देईना!"

"रेवू कुठं रडतेय? रडली, तर थोपटीन."

झालं! जो तो आपला दुसऱ्याकडे बोट दाखवतो!

पेशी घशात परतली. लाल झाली. टम्म फुगली. पाय आपटले, दाण दाण दाण! अशी ओरडली, अशी ओरडली,

"आई रेवूला थोपटेना,
रेवू डोळे मिटेना,
ताप अंगात चढेना,
शिपाई चोर धरेना,
चोर तूप देईनाऽऽऽ!"

"आई गं! घसा दुखतोय! भ्यांऽऽ!" रेवू रडली.

आई धावली. पिठाच्या हातांनी तशीच. रेवूला थोपटलं, थप थप थप. रेवूनं डोळे मिटले. ताप चढला, सर सर सर. कोट वितळला, टप टप टप.

चोर उघडा! चोर नागडा!

"अरेच्चा, हा तर चोर!" शिपायानं धरला. गट्टम!

पेशीचं तूप पेशीला मिळालं. ताप उतरला. आईनं रेवूला मऊ भात भरवला, वर तूप घालून.

आणि पेशीचा राग? गेला की! फक्त चमचाभर ठेवलाय राखून. चोर परत येऊ दे तर खरा!