दसपटीचा दिवाण

राणी सगुणाबाईंनी दरबारात हुकूम सांगितला. तळ्यातला गाळ उपसणाऱ्यालाही पोट भरेल इतका पगार मिळेल, आणि त्याच्या दसपटीहून जास्त कुणालाच मिळणार नाही.

दिवाण त्र्यंबकराव फणकारले, "राणीसाहेब, ज्या कामाला माणूस मिळत नाही, त्याचाच पगार मोठा असतो. दसपटीवर दिवाण कोण होईल?"

राणीसाहेबांना वाद घालायचा कंटाळा. त्यांनी दवंडी पिटवली: दसपटीवर दिवाण हवा आणि आजवरच्या जुन्याच पगारावर गाळ उपसणारे हवेत.

सकाळी दिवाणपदासाठी वेशीपर्यंत रांग लागली. सगळ्यांत पुढे त्र्यंबकरावांचेच सख्खे मेहुणे उभे होते. तळ्याकडे मात्र काळं कुत्रंही फिरकलं नाही.

राणीसाहेब म्हणाल्या, "तुमच्याच न्यायानं सांगा दिवाणजी, पगार कुणाचा वाढवू?"

त्र्यंबकराव उठले, मेहुण्यांना मागे सारलं आणि रांगेत पहिले उभे राहिले.