खारीने न दिलेला शेवट

फार दाटही नाही आणि फार विरळही नाही, अशा एका जंगलात एक खार राहत असे. तिला गोष्टी रचण्याचे वेड होते. वेड कसे, तर तोंडात शेंग धरून ती फांदीवर बसे आणि शेंग फोडायची सोडून स्वतःशीच पुटपुटत राही. शेजारचे होले पक्षी म्हणत, "हिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय खरं, पण पानात अजून काही पडलं नाही!"

मुलांनो, त्या काळी त्या जंगलात उन्हे कलली की खडकाच्या उतरणीवर रोज खेळ होई. आता तुम्हाला खरे वाटणार नाही, पण वाघापासून सशापर्यंत सगळे तेवढ्यापुरते वैर विसरून तिथे मांडीला मांडी लावून बसत. माकडे सोंगे घेत, मोर नाचे आणि साऱ्या खेळाची व्यवस्था कोल्हा पाही. पण खेळाला गोष्ट लागते, आणि ती रचणारे निराळेच असतात. एक म्हातारे कासव, एक घुबड आणि दोन साळुंक्या असे चौघे गोष्टकार होते. तळ्याकाठी जांभळाखाली एक सपाट दगड होता, त्याला गोष्टकारांचा कट्टा म्हणत. ज्याची एक तरी गोष्ट उतरणीवर झाली असेल, त्यालाच त्या कट्ट्यावर जागा मिळे.

गोष्टकारांची एक जुनी रीत होती. गोष्ट आधी सांगायची, म्हणजे माकडांना तालीम करता येते; शेवट मात्र खेळाच्या दिवशी सकाळीच सांगायचा. कारण माकडांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आदल्या दिवशी सांगितले, तर खेळाआधीच शेवट जंगलभर व्हायचा.

खारीचे सारे बालपण त्या उतरणीवर गेले होते. आई तिला पळसाच्या खालच्या फांदीवर घेऊन बसे. कासवाची गोष्ट असली की आई तोंडातले बोर चावायचेच विसरे, आणि गोष्ट संपल्यावर दोघी ते अर्धे अर्धे खात. आईला जाऊन आता बरीच वर्षे झाली होती. तरी ऊन कलले की खारीला आईच्या अंगाची ऊब आठवे आणि मनात येई, एकदा, फक्त एकदा आपली गोष्ट इथे व्हावी.

आणि अशातच गोष्टकारांनी संप पुकारला.

कारण साधे होते. खेळाआधी कोल्हा माकडांची नावे पुकारी, मोराचे पुकारी, स्वतःचे तर दोनदा पुकारी. गोष्ट रचणाऱ्याचे नाव मात्र त्याच्या जिभेवर कधी येत नसे. वर न विचारता एका गोष्टीचे शेपूट तोडून दुसरीला जोडी. गोष्टकार म्हणाले, "आमचं नाव घे, आणि आम्हाला विचारल्याशिवाय आमच्या गोष्टीत हात घालू नको. तोवर गोष्ट नाही." कोल्हा म्हणाला, "बघू." मोठ्यांच्या 'बघू'चा अर्थ काय असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

उतरण ओस पडली. खडकाच्या फटींतून गवत वर आले. खार सवयीने पळसाच्या फांदीवर जाऊन बसे आणि रिकाम्या उतरणीकडे पाहत राही. तिला वाटे, आपले लहानपणच कुणीतरी बंद करून ठेवले आहे.

एके दुपारी कोल्हा त्या पळसाखाली आला.

"काय खारूताई, करमत नाही ना?"

"नाही हो कोल्होबा. खेळ कधी सुरू होणार?"

"तू म्हणशील तर परवाच. कासवाची बगळ्याची गोष्ट तालमीसकट तयार आहे. म्हाताऱ्यानं शेवट तेवढा सांगितला नाही आणि संपावर जाऊन बसला. तो तू लाव."

"पण संप आहे ना?"

"संप कट्ट्यावरच्यांचा! तू कुठे कट्ट्यावर बसतेस? आणि शेवट लावणं म्हणजे का गोष्ट रचणं? फाटक्याला ठिगळ लावायचं, झालं. परवा सगळ्यांआधी तुझं नाव पुकारीन, तेही तीनदा."

बगळ्याची गोष्ट अशी होती : एक म्हातारा बगळा, लहानपणी ज्या झाडावर वाढला ते झाड पाहायला लांबून उडत येतो. येऊन पाहतो, तर झाड वठलेले. पुढे काय होते, ते कासवाच्या पोटात होते.

खारीने उरलेला दिवसभर शेंगेला तोंड लावले नाही. कासवाच्या गोष्टी ऐकतच ती मोठी झाली होती; कासव पुढे काय म्हणेल, हे आपल्याला झोपेतही सांगता येईल, अशी तिची खात्री होती. तिने शेवट रचला : बगळा वठलेल्या फांदीवर बसून रडतो, त्याची आसवे मुळाशी पडतात आणि झाडाला पालवी फुटते. रचता रचता तिचेच डोळे भरून आले.

आता तिची चूक पाहा. चोर चोरी करून घरमालकाकडे शाबासकी मागायला जात नाही. खार गेली! कोल्ह्याला शेवट देण्याआधी कासवाचा आशीर्वाद घ्यावा, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती तळ्याकाठी पोचली. कासवाच्या गोष्टींवर जीव असणारीच असे करू जाणे.

"कासवआजोबा, तुमच्या बगळ्याला मी घरी पोचवलं," असे म्हणून तिने सगळा शेवट सांगितला आणि तो कुणासाठी रचला तेही सांगितले.

साळुंक्यांची कलकल एकदम थांबली.

"गोड आहे," कासव म्हणाले. "पोरी, मला वाघासारखी नखं नाहीत, दात तर मुळातच नाहीत. कोल्ह्याला अडवायला माझ्यापाशी एकच वस्तू होती, न सांगितलेला शेवट. ती तू त्याला नेऊन देणार?"

"पण मी... मी तर कट्ट्यावरची नाही, आजोबा."

"आज नाहीस. पण उद्या ज्या दगडावर बसायचं मनात धरलंयस, त्याच्याच खालची माती आज उकरते आहेस."

"मग मी काय करू? तुमचा संप संपेपर्यंत नुसती शेंगा फोडत बसू?"

"नुसती कशाला? आमच्याबरोबर बस. तुझ्या मनात येईल ते आम्हाला विचार. आणि तुझी स्वतःची गोष्ट पुरी कर. किती झाल्या आजवर?"

खारीने मान खाली घातली. इतकी वर्षे पुटपुटून तिची एकही गोष्ट पुरी झाली नव्हती. प्रत्येक वेळी ती मनात म्हणे, इथे कासवआजोबा काय म्हणाले असते? आणि तिथेच तिची गोष्ट अडे.

कोल्हा पळसाखाली वाटच पाहत होता. खार फांदीवरूनच म्हणाली, "कोल्होबा, तो शेवट माझ्या मालकीचा नाही. मला देता येणार नाही."

कोल्ह्याने दात दाखवले. "विचार कर हं. आज नाही म्हणालीस, तर तुझी गोष्ट माझ्या उतरणीवर जन्मात होणार नाही."

खारीला एकदम आई आठवली, बोर आठवले. पण ती म्हणाली, "नाही झाली तर नाही झाली." आणि घरट्यात जाऊन पोटभर रडली.

कोल्ह्याचे काही अडले नाही. पोपटाला जुन्या सगळ्या गोष्टी तोंडपाठ होत्या. त्याने एका गोष्टीतली वरात उचलली आणि बगळ्याच्या गोष्टीला जोडून दिली. खेळ सुरू झाला. बगळा झाडाखाली उभा राहून हुंदके देतो आहे, सशांचे डोळे पाणावले आहेत, तोच ढोल वाजू लागले आणि माकडांनी बगळ्याच्या डोक्याला मुंडावळ्या बांधल्या.

"अरे, हा मघाशी रडत होता ना?" रानडुक्कर मोठ्याने म्हणाले. "याचं लग्न कुणाशी? झाडाशी?"

जंगल असे हसले की मोर नाचायचा थांबला. दुसऱ्या दिवशी उतरणीवर मोजून चार प्राणी आले, त्यांतले दोन वाट चुकलेले होते. तरी कोल्हा आणखी पंधरा दिवस ताठ राहिला.

ते दिवस खारीने जांभळाखाली काढले. ती पळसाच्या पानातून म्हाताऱ्यांना पाणी आणून देई. घुबड तिच्या गोष्टीतली वाक्ये ऐकून म्हणे, "हे काढ. हेही काढ. शेपूट तुला आहे तेवढं पुरे, गोष्टीला कशाला?" ती चिडे, घरी जाई, आणि दुसऱ्या दिवशी ते वाक्य काढून परत येई. पुढे म्हातारपणी तिला कुणी विचारले, की तुझे सगळ्यात सुखाचे दिवस कोणते, तर ती हेच सांगे. गोष्ट कुठे होणार याची आशा नव्हती, आणि तरी रोज सकाळी कधी एकदा जांभळाखाली जाते असे तिला होई.

शेवटी कोल्हा कट्ट्याशी आला. दोन्ही अटी त्याने मान्य केल्या. कासवाने सावकाश तिसरी घातली, "संपात आमच्या शेजारी जे बसले, त्यांच्या गोष्टीची वाट अडवायची नाही." कोल्हा म्हणाला, "बघू." कासव म्हणाले, "आत्ताच बघ." कोल्ह्याने मान हलवली.

बगळ्याचा खेळ पुन्हा झाला, कासवाच्या शेवटासह. बगळा वठलेल्या झाडावर घटकाभर बसला. मग त्याला शेजारच्या काटेरी बाभळीवर बगळ्यांच्या पिलांचा गलका ऐकू आला. "यांना म्हातारपणी हेच झाड आठवणार," असे म्हणून तो हळूच त्यांच्यात जाऊन बसला. खार थक्क झाली. असले काही तिच्या स्वप्नातही आले नव्हते. कासवाचे मन आपल्याला पाठ आहे असे समजणारी मी, असे म्हणून ती रडता रडता हसली.

त्यानंतर काही दिवसांनी उतरणीवर खारीचे नाव पुकारले गेले. तीनदा नाही, एकदाच. गोष्ट लहानशी होती. एक खार जन्मभर पावसाळ्यासाठी बिया पुरून ठेवते आणि कुठे पुरल्या ते विसरून जाते. ती गेल्यावर तिची लेक जंगलात हिंडते. यातली कोणती झाडे आईची, हे तिला कळत नाही. म्हणून ती भेटेल त्या प्रत्येक झाडाला थांबून हात लावते.

खेळ संपला, पण कुणी ओरडले नाही, शीळ घातली नाही. सगळे मुकाट्याने उठून आपापल्या वाटेने निघाले. गोष्ट पडली, असे तिला वाटले. ती पळसाच्या शेंड्यावर चढून पाहू लागली. पुढे वाघ चालला होता, मागे हरणे, मग ससे, आणि सगळ्यांच्या मागे कासव. त्या दिवशी घरी पोचायला सगळ्यांनाच उशीर झाला, कारण वाटेत लागलेल्या प्रत्येक झाडापाशी प्रत्येक जण थांबत होता.

तात्पर्य : दुसरे हक्कासाठी उठून गेले असता त्यांच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसू नये; त्यांच्या शेजारी बसावे, आणि त्या दिवसांत आपली स्वतःची गोष्ट पुरी करावी.