दातेरी चाकाचा हट्ट

फार वर्षांपूर्वी, घाटरस्त्यांच्या काळात, एक मोटार तयार झाली. तिच्या मागच्या आसात एक दातेरी चाक होतं. त्याच्या जोरावर ती कुठलाही चढ चढे, पण इंजिनाला फेऱ्या फार माराव्या लागत.

पुढे सरळसोट महामार्ग झाला. मालक इनामदार मोटार तिथे पळवू लागले आणि इंजिनाचा जीव कासावीस होऊ लागला.

एके दिवशी इंजिन चाकाला म्हणालं, "तुझ्या जागी दुसरं चाक आलं, तर मी कमी फेऱ्यांत तेवढंच पळेन. उद्या गफूरमिस्त्री तुला काढायला येतोय. अडून बसू नकोस."

"म्हणजे मी भंगारात जाऊ?" चाक म्हणालं. "सगळे घाट मीच चढवले तुला."

दुसऱ्या दिवशी चाक गंजलेल्या बोल्टांना घट्ट धरून बसलं. मिस्त्री दमला. "राहू द्या, साहेब. जोर केला तर आसच मोडेल."

महिनाभरात महामार्गावर इंजिन फुटलं. तसलं इंजिन आता कुठेच मिळत नव्हतं. इनामदार बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, मग त्यांनी मोटार भंगारवाल्याला देऊन टाकली.

भंगारवाल्याने आस कापला. चाक निरखून तो म्हणाला, "एकही दात झिजलेला नाही." आणि त्याने ते इंजिनाच्या तुकड्यांवर टाकलं.