पहिल्या फळीत रुतलेली गोळी

महाराजांनी राणोजी खराट्याला अंगरक्षक नेमलं, तेव्हापासून सरदार घारग्यांचा नुसता जळफळाट चालला होता. राणोजीच्या पिस्तुलातली चिंचोक्याएवढी काडतुसं पाहून ते भर दरबारात म्हणाले, "हे खेळणं महाराजांना वाचवणार?"

लगेच मैदानात चार फळ्या एकामागे एक उभ्या केल्या. राणोजीची गोळी पहिल्याच फळीत रुतून बसली. सरदारांचं काडतूस थोडंसंच मोठं, पण त्यांची गोळी चारही फळ्या फोडून पार गेली.

"आता बोल!" सरदारांनी मिशीला पीळ दिला.

राणोजी म्हणाला, "सरदारसाहेब, मारेकरी महाराजांच्या अंगाला येऊन भिडला, की पहिली फळी तो. दुसरी फळी महाराज."

महाराजांचा हात नकळत स्वतःच्या छातीवर गेला.